मोकासा : पेटीतल्या कागदातला एक शब्द

जुलै 2021 च्या पुरात महाडच्या बाजारपेठेत पाणी शिरले, तेव्हा मामूंच्या घरातली शिसवी पेटीही भिजली. पाणी ओसरल्यावर आम्ही कपडे उन्हात टाकले, भांडी घासली. मामूंनी मात्र पेटीच्या तळातला एक घडी घातलेला कागद अलगद पंख्याखाली वाळवला. वर फारसीच्या दोन ओळी, खाली मोडी. घरात लहानपणापासून ऐकत आलो होतो, "आपला सात गावांचा मोकासा होता." पुराने दुकान धुऊन नेल्यावर मामूंना त्या सात गावांची आठवण जरा जास्तच येऊ लागली. एका माणसाने त्यांना सांगितले, "कागद आहे म्हणजे जमीन मिळते, दावा लावू." थोडे पैसेही दिले गेले. मग मामू माझ्याकडे आले. "तू उर्दू शिकवतेस, बेटा. वाच."

उर्दू येते म्हणून शिकस्ता लिपी वाचता येत नाही, हे मामूंना पटवणे कठीण गेले. पण 'मोकासा' हा शब्द मात्र मी शोधून काढला.

मोकासा म्हणजे राजाने सरदाराला किंवा चाकरीच्या माणसाला एखाद्या गावाचा किंवा परगण्याचा वसूल नेमून देणे. निजामशाही-आदिलशाहीत ही रीत सर्रास होती. शहाजीराजांकडे पुणे आणि सुपे मोकासा म्हणूनच होते. घेणारा तो मोकासदार किंवा मोकासाई, आणि त्यातूनच मोकाशी हे आडनाव आले. ते हिंदूंत आहे, मुसलमानांतही आहे. 'पालखी' लिहिणारे दि. बा. मोकाशी आपल्याला माहीत आहेत, त्यांच्या आडनावात हा इतिहास बसलेला आहे.

आता गंमत अशी की मोकासा आणि वतन यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि आपल्या घराघरांत हे दोन्ही एकच समजले जातात. देशमुख, पाटील, कुलकर्णी हे वतनदार, पिढ्यान् पिढ्या गावात राहणारे. मोकासदार चाकरीपुरता. चाकरी सुटली, मर्जी फिरली की मोकासा दुसऱ्याला. आणि मिळायचा तो वसूल. कसणारे कुणबी आपल्या शेतातच असत. घाटावरची जावळी 1656 मध्ये मोऱ्यांकडून शिवाजी महाराजांकडे आली, रायरीचा रायगड झाला. महाराजांचा कल रोख पगाराकडे होता, गावे तोडून देणे त्यांना मानवत नसे. पुढे राजाराम महाराजांच्या धामधुमीच्या काळात ती रीत पुन्हा वाढली.

शब्दही मग थोडा सरकला. 1719 मध्ये बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा घेऊन आले. चौथाईची वाटणी ठरली : शेकडा 25 राजाची बाबती, 6 सहोत्रा, 3 नाडगौडा आणि उरलेले 66 सरदारांचा मोकासा. म्हणजे गावावरून हा शब्द टक्क्यांवर आला. तिकडे आंध्रात तो 'मोखासा' होऊन जमीनदारीच्या कायद्यांपर्यंत टिकला. महाड तालुक्याच्या गावांच्या यादीत 'तर्फ नाते', 'तर्फ तुडील' अशा शेपट्या अजून आहेत; तर्फ हाही त्याच कारभारातला शब्द, पण त्याचा अर्थ तरी कुणाला विचारावा लागत नाही.

मोडी वाचणाऱ्या एका जाणकारांना मी कागदाचा फोटो पाठवला. त्यांनी कळवले की ही मूळ नव्हे, नंतरची नक्कल आहे. साल 'सबा अर्बैन अलफ'. हे वाचून माझ्या उर्दूच्या वर्गातली मुले खूश झाली, कारण जुन्या मराठी कागदांतल्या सुहूर सनाचे आकडे हे अरबी आकडेच : सबा सात, अर्बैन चाळीस, अलफ हजार. 1047. त्यात 599 मिळवले की 1646-47.

मजकूर मात्र मामूंना हवा तसा नव्हता. गाव एकच, आणि तो मोकासा कुणा दुसऱ्याच सरदाराचा. आमच्या पूर्वजाचे नाव शेवटच्या ओळींत होते : मशिदीचा खतीब, त्याला चिरागबत्तीच्या तेलासाठी गावच्या वसुलातून थोडीशी नेमणूक, आणि ती मोकासदाराने अडवू नये असा हुकूम. सात गावे कुठून आली, कोण जाणे. बहुधा एखाद्या लग्नाच्या बैठकीत.

मामूंना मी समजावले की मोकासा खरोखर आपला असता तरी दाव्यात काही उरले नसते. खोती 1949 च्या कायद्याने गेली, इनामे 1952 च्या कायद्याने, आणि 1957 च्या 1 एप्रिलपासून कूळ कायद्याने कसणाऱ्यालाच जमिनीचा मालक ठरवले. शिवाय ज्या लोकांनी ती शेते तीन पिढ्या कसली, त्यांच्या दारात आपण कागद घेऊन उभे राहणार का? मामू काही बोलले नाहीत. दुकानाच्या शटरला नुकताच रंग लावला होता, त्याचे डाग बोटांवर होते, ते खरवडत बसले.

दिलेले पैसे परत आले नाहीत. दावाही लागला नाही. कागद आता प्लास्टिकच्या पिशवीत घालून वरच्या मजल्यावर ठेवला आहे, पुराचे पाणी पोहोचणार नाही अशा बेताने. परवा मामूंनी पुन्हा विचारले, "त्या कागदात तेल किती लिहिलंय?"

मी म्हटले, "तिथलाच कोपरा कसरीने खाल्लाय, मामू."