गोंदण, टॅटू आणि अठराचा उंबरठा

दहावीचा निकाल लागतो, अकरावीचं कॉलेज ठरतं आणि एका रात्री जेवताना मुलगी म्हणते, "आई, मला टॅटू काढायचाय." घर बोरिवलीतलं असो, मुलुंडचं की घाटकोपरचं, आईचं पहिलं उत्तर बहुधा ठरलेलं असतं : "आपल्यात असलं काही करत नाहीत."

हे उत्तर खरं नाही. गावच्या घरात पणजीचा फोटो असेल, तर तो नीट पाहा. कपाळावर, हनुवटीवर नाहीतर मनगटावर हिरवट ठिपके दिसतील. काजळी आणि सुया एवढ्यावर गोंदणारणी तुळशीवृंदावन, विंचू, नाव असं काय काय हातावर उतरवत. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या आणि आरेतल्या पाड्यांवर राहणाऱ्या वारली समाजातही गोंदणाची परंपरा जुनी आहे. दागिने इथंच राहतात, गोंदण तेवढं मेल्यावर सोबत येतं, अशी बायकांची श्रद्धा होती.

मग पोरांना अडवायचं कशाला? फरक इथंच आहे. पणजीचं गोंदण साऱ्या गावाचं होतं. तिच्या हातावर जे होतं, तेच शेजारणीच्या हातावर होतं, त्यामुळे "हे का काढलंस?" असं तिला कुणी विचारलं नाही. पणतीचा टॅटू तिचा एकटीचा असतो. नक्षी तिनं निवडलेली, अर्थ तिनं लावलेला आणि पुढची पन्नास-साठ वर्षं त्याचं उत्तरही तिनंच द्यायचं. म्हणून हा निर्णय तिला एकटीला पेलेल अशा वयातच व्हावा. माझ्या मते ते वय अठरा.

शाई टिकते कशी?

मेंदी आठ-पंधरा दिवसांत फिकी होते, कारण ती त्वचेच्या वरच्या थरात असते आणि तो थर सतत झडत असतो. टॅटूची सुई साधारण एक ते दोन मिलिमीटर खाली, आतल्या थरात शाई सोडते. शरीराच्या संरक्षक पेशी ती गिळतात, पण पचवू शकत नाहीत. फ्रान्समधल्या शास्त्रज्ञांनी 2018 मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात दाखवलं, की अशी पेशी मेली की सुटलेला रंग नवी पेशी गिळते. जुन्या पेशी जातात, रंग मात्र तिथंच राहतो.

लेझरनं टॅटू पुसता येतो हे खरं, पण त्याला बऱ्याच बैठका लागतात आणि मधे आठवड्यांची विश्रांती घ्यावी लागते. काळा रंग त्यातल्या त्यात लवकर जातो, हिरवा आणि पिवळा चिवट असतात. खर्च आणि वेदना दोन्ही टॅटू गोंदवून घेतानाच्या कितीतरी पट होऊ शकतात.

सुई निर्जंतुक नसेल, तर हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीचा धोका असतो. काहींना रंगाची ॲलर्जी येते, काहींच्या कातडीवर जाड व्रण उठतात. टॅटूनंतर काही महिने रक्तदानही करता येत नाही.

कायदा काय म्हणतो?

ब्रिटनमध्ये 1969 पासून अठराखालच्यांना टॅटू काढण्यावर बंदी आहे, पालकांची संमती असली तरीही. आपल्याकडे टॅटूचं वय ठरवणारा वेगळा केंद्रीय कायदा नाही. सज्ञानतेचं वय मात्र 1875 च्या कायद्यानं अठरा ठरवलं आहे आणि 1872 च्या करार कायद्यानुसार अज्ञान व्यक्ती करार करू शकत नाही. अनेक चांगले स्टुडिओ अठराखालच्यांना परत पाठवतात किंवा पालकांना घेऊन या म्हणतात. पण जिथं असं कुणी विचारत नाही, तिथं सगळं दुकानदाराच्या सद्बुद्धीवर सोडलेलं आहे. वयाची स्पष्ट अट, परवाना आणि स्वच्छतेची तपासणी या तिन्ही गोष्टी कायद्यात यायलाच हव्यात.

नोकरीचंही भान हवं. सैन्यभरतीत कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला आणि पंजाच्या मागच्या बाजूलाच कायमचा टॅटू चालतो. आदिवासी उमेदवारांना त्यांच्या परंपरेनुसार सवलत असते. सोळाव्या वर्षी मानेवर काढलेली नक्षी साडेसतराव्या वर्षी अग्निवीर व्हायला निघालेल्या मुलाला मागे फिरवू शकते.

घरात काय करता येईल?

नुसतं "नाही" म्हणून दार लावू नका. मुलीला हवी ती नक्षी कागदावर काढायला सांगा आणि तो कागद कपाटाच्या दारावर चिकटवा. नवरात्रीत हौस म्हणून पुसता येणारा टॅटू काढू द्या. हिपॅटायटिस बीची लस पूर्ण झाली आहे का, ते बघून ठेवा. अठरावा वाढदिवस झाल्यावरही तीच नक्षी तिला तेवढीच आवडत असेल, तर सोबत जा. सुईचं पाकीट समोर फोडलं जातंय का, शाईची वाटी आणि हातमोजे नवे आहेत का, हे स्वतः पाहा. अनेक मुलींचं मन तोवर बदललेलं असेल, आणि ज्यांचं बदलणार नाही, त्यांचा निर्णय पक्का असेल.

पणजीच्या हातावर सुई टेकली, तेव्हा तिला कुणी विचारलं नव्हतं. तिची पणती सुईपाशी जाण्याआधी आईला विचारतेय. त्या विचारण्याचा मान राखायचा, तर तिला खरं उत्तर द्यायला हवं : "अठरा पूर्ण होऊ देत, मी येते तुझ्यासोबत."