धरण शाबूत, वीज गायब

रविवारी भटुऱ्यांसाठी आपण कोमट पाण्यात जे यीस्ट भिजवतो, ते कॅन्सरच्या संशोधनात किती राबतं याची कल्पना फार थोड्यांना असते. त्याच्या पेशीतही आपल्यासारखंच केंद्रक आणि मायटोकॉन्ड्रिया असतात. १९९६ सालीच त्याचे सुमारे ६००० जीन्स वाचून झाले. शिवाय स्वस्त, आणि दीड-दोन तासांत दुप्पट! केमोथेरपीच्या औषधाबरोबर दुसरं एखादं रसायन दिलं तर काय होईल, हे माणसावर करून बघता येत नाही. यीस्टवर येतं.

असंच एक रसायन म्हणजे डायनायट्रोफिनॉल, थोडक्यात डीएनपी. पहिल्या महायुद्धात ते फ्रान्समधल्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत वापरत. तिथले कामगार घामाने निथळायचे, तापाने फणफणायचे, काही दगावले. तरी १९३३ साली स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी ते वजन उतरवायला दिलंच! वजन उतरलं, पण कित्येकांना मोतीबिंदू झाला, काहींचा जीव गेला. १९३८ च्या कायद्यानंतर अमेरिकेत हे औषध बंद झालं.

हे असं का होतं? आपलं कोयनेचं धरण आठवा. मायटोकॉन्ड्रिया पडद्यापलीकडे प्रोटॉन साठवतात आणि ते परत येताना एटीपी तयार होतं, ही पेशीची वीज. (पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये हे मांडलं, १९७८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.) डीएनपी धरणाची भिंत फोडत नाही. हमालासारखं डोक्यावरून पाणी पलीकडे नेतं. टर्बाइन थंड, अन्न मात्र जळतच राहतं आणि अंग तापतं.

आता यात कॅन्सरचं औषध घाला. आत शिरलेली परकी रसायनं बाहेर फेकायला यीस्टकडे पीडीआर५ नावाचा पंप आहे. केमोला न जुमानणाऱ्या ट्यूमरमध्येही याच घराण्यातले पंप सापडतात. हे पंप एटीपीवर चालतात. वीज गेली की औषध आत साठणार, म्हणजे काम फत्ते? छे! बरीच औषधं विभाजन होणाऱ्या पेशीवर घाव घालतात. डीएनपीने वाढ मंदावली तर पेशी त्यातून निसटूही शकते. १९६२ साली इटलीत रितोस्सा यांना दिसलं होतं की फळमाशीच्या क्रोमोसोमवर डीएनपीने आणि उष्णतेने सारखेच फुगवटे येतात. म्हणजे पेशी संकट ओळखून सावध होते. त्यातून साखर मिळाली की यीस्ट आंबवूनच पोट भरतं, मायटोकॉन्ड्रियावाचून त्याचं फारसं अडत नाही. तेव्हा ग्लुकोजवर आलेलं उत्तर ग्लिसरॉलवर येईलच असं नाही. एका यीस्टची ही तऱ्हा, मग माणसाच्या ट्यूमरबद्दल काय बोलावं!

हे सगळं सांगायचं कारण, ‘फॅट बर्नर’ म्हणून डीएनपीच्या कॅप्सूल अजूनही इंटरनेटवरून चोरून विकल्या जातात. जिमला जाणाऱ्या आपल्या मुलांना हे नाव माहीत असायला हवं. ब्रिटनमध्ये त्याने तरुण मुलांचे बळी घेतले. ऑक्टोबर २०२३ पासून तिथे परवान्याशिवाय ते बाळगणं गुन्हा आहे. त्यावर उतारा नाही. आणि घरात कोणाची केमो चालू असेल, तर भारतातून आलेल्या चूर्णापासून जिमच्या पावडरीपर्यंत जे जे पोटात जातंय, ते डबीसकट ऑन्कॉलॉजिस्टपुढे ठेवा.