पांच दरोडेखोर आणि एक आजीबाई

गुन्हा आणि विनोद यांचें सख्य जुळविणें सोपें नव्हे. परंतु १९५५ सालीं ईलिंग स्टुडिओनें ‘द लेडीकिलर्स’ या इंग्रजी बोलपटांत तें उत्तम साधलें आहे. दिग्दर्शक अलेक्झांडर मॅकेंड्रिक.

लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनाजवळ, एका कललेल्या घरांत, मिसेस विल्बरफोर्स ही वृद्ध विधवा पोपटांसह राहते. प्रोफेसर मार्कस नामक गृहस्थ तिची माडीवरची खोली भाड्यानें घेतो. तेथें त्याचे चार सोबती वाद्यें घेऊन जमतात. दाराआड ग्रामोफोनवर बोकेरिनीची तबकडी वाजते आणि मंडळी दरोड्याचा बेत रचतात. इतक्यांत म्हातारी चहाचें विचारावयास येते आणि एकच धांदल उडते! लुटीची पेटीहि ते तिच्याकडूनच, तिच्या नकळत, स्टेशनावरून आणवितात. पुढें बिंग फुटतें. तिचा काटा काढण्यासाठीं चिठ्ठ्या टाकतात, पण हात कोणाचा धजत नाहीं.

अलेक गिनेसचा प्रोफेसर अप्रतिमच. परंतु ब्रिटिश अकादमीचें पारितोषिक मिळविलें तें पंचाहत्तरी उलटलेल्या केटी जॉन्सन यांनीं.

म्हातारीच्या सांगण्याकडे पोलीसहि हंसून दुर्लक्ष करतात. आमच्या मतें बोलपटाचें मर्म येथेंच आहे. ‘म्हाताऱ्या माणसास काय कळतें?’ ही समजूत जशी चोरांची, तशीच पोलिसांची. आणि वाचकहो, थोडी आपल्या घरोघरचीहि नव्हे काय?

शेवट आम्ही सांगत नाहीं. आजीस शेजारीं बसवून हा बोलपट अवश्य पाहावा. आणि मध्येंच ती कांहीं बोलली, तर ऐकून घ्यावें.