टर्मिनल आणि सूर – लेखांक ५ : बोटांची नोंद

गेल्या आठवड्यात डिजिटल पियानो यूएसबी केबलने लिनक्सच्या संगणकाला जोडून आपण 'एसेकडम्प' चालवला होता. मधली पांढरी एक दाबली की पडद्यावर ओळ उमटते : नोट ऑन, स्वर ६०, व्हेलॉसिटी ७२. ६० हा त्या पट्टीचा क्रमांक आणि ७२ म्हणजे पट्टी किती वेगाने खाली गेली त्याचं माप. ते १२७ पर्यंत जातं. आज याच ओळी फाइलमध्ये साठवायच्या आहेत.

त्यासाठीची आज्ञा 'एरेकॉर्डमिडी'. ती 'आल्सा-युटिल्स' या संचातच येते. नाव रोमन लिपीत, लहान अक्षरांत, सलग लिहायचं. आधी पुढे आडवी रेघ आणि 'एल' देऊन पोर्टांची यादी मागवा. 'मिडी थ्रू' ही ओळ सोडून द्या. तिच्याखाली तुमच्या वाद्याचं नाव आणि समजा २०:० असा पत्ता दिसेल. मग रेघ आणि 'पी', तो पत्ता, शेवटी फाइलचं नाव. एंटर दाबा आणि वाजवायला लागा.

पडद्यावर काहीच हलत नाही. आज्ञा अडकली असं वाटतं, पण नोंद चालू असते. वाजवून झालं की कंट्रोल-सी. हे विसरू नका, कारण तोवर सगळं वादन संगणकाच्या मेमरीतच असतं, फाइल थांबवतानाच लिहिली जाते. टर्मिनलची खिडकी तशीच बंद केलीत तर वादन गेलं. त्याच नावाची जुनी फाइल असेल तर ती न विचारता पुसली जाते, म्हणून नावात तारीख घालावी.

आता 'एप्लेमिडी' त्याच पत्त्यावर चालवा. पियानो तुमचंच वादन पुन्हा वाजवेल, कारण फाइलमध्ये आवाज नाहीच. सीडीच्या दर्जाचा स्टीरिओ आवाज सेकंदाला १,७६,४०० बाइट खातो, मिनिटाला साधारण दहा एमबी. इथे एक स्वर सुरू झाल्याचा निरोप अवघ्या तीन बाइटचा. १९८३ मध्ये रोलँडचे इकुतारो काकेहाशी आणि सिक्वेन्शियल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ यांच्या पुढाकाराने आलेली ही 'मिडी' निरोपांची पद्धत आजही तशीच चालते.

रियाजासाठी मला ही नोंद ध्वनिमुद्रणाहून मोलाची वाटते. द्रुत पलट्यात अंगठा खालून वळताना एखादा स्वर दबतो. कानाला तो नुसता 'काहीतरी चुकलं' एवढाच जाणवतो. इथे शेजारच्या स्वरांची व्हेलॉसिटी ऐंशीच्या घरात आणि त्याची एक्केचाळीस, असं लख्ख दिसतं. वेळेचं मापही बारीक आहे : मुळातल्या मांडणीत मिनिटाला १२० मात्रा आणि मात्रेचे ३८४ भाग, म्हणजे सेकंदाचे ७६८ तुकडे. स्वरलेखन करायचं असेल तर रेघ आणि 'बी' देऊन आपली लय आधीच सांगावी, नाहीतर मात्रा भलत्याच ठिकाणी पडतात.

मींडेचं काय? की-बोर्डला पिच-बेंडचं चाक असेल तर तिचीही नोंद होते, १६,३८४ पायऱ्यांत. नुसत्या पट्ट्यांच्या पियानोवर मात्र मींड निघतच नाही, आणि जे वाजलं नाही ते ही आज्ञा लिहीत नाही.

पुढच्या लेखांकात 'फ्लुइडसिंथ'कडून या फाइलला आवाज देऊ. तोवर यमनचा एकच पलटा विलंबित आणि द्रुत अशा दोन फाइलींत नोंदवून ठेवा. त्याच आपल्याला लागणार आहेत.