पाडलेल्या घराचें पुढें काय होतें?

मुंबईंत एखादी जुनी चाळ पाडली जात असतांना रस्त्याच्या कडेला घटकाभर उभें राहून पाहावें. प्रथम दारें-खिडक्या निघतात, मग कौलें उतरतात, मग जिन्याचे कठडे आणि ब्रह्मदेशी सागाच्या तुळया दोरानें हलकेच खालीं येतात. या मालाला गिऱ्हाईक ठरलेलें असतें. त्याच्या भरंवशावर पाडकामाचा कंत्राटदार पुष्कळदां मालकाकडून पैसे घेण्याऐवजीं त्यालाच पैसे मोजतो. परंतु हा माल निघून गेला म्हणजे जें उरतें त्याला धनी राहत नाहीं. विटा, गिलावा, फरश्यांचे तुकडे, काँक्रीट आणि माती यांचा तो ढीग. मला आज बोलावयाचें आहे तें या बेवारशी ढिगाविषयीं.

आपण त्याला राडारोडा म्हणतों. राडा म्हणजे चिखल आणि रोडा म्हणजे विटेचा वा दगडाचा तुकडा. दोहोंची मिसळ झाली आहे हें त्या नांवांतच आलें. आणि माझ्या मतें खरी अडचण तीच आहे.

पूर्वीं ही अडचण एवढी नव्हती, याचें कारण चुना. चुन्याचा दर्जा विटेपेक्षां मऊ. त्यांत बांधलेली भिंत उतरवितांना विटेवर बेतानें घाव घातला कीं चुना सुटतो आणि वीट अखंड हातीं येते. ती दुसऱ्या भिंतींत पुन्हां बसते. सिमेंटची पकड विटेहून बळकट. तेथें सांधा सुटण्यापूर्वीं वीटच फुटते. काँक्रीटच्या इमारतींत तर सुटें करण्याजोगें फारसें कांहीं नसतेंच. वरळी, नायगांव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथील बी. डी. डी. चाळींच्या २०७ इमारती १९२० नंतरच्या दशकांत उभ्या राहिल्या, त्या अशाच काँक्रीटच्या. त्यांच्या जागीं आतां मनोरे येत आहेत. वरळीच्या पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्या ऑगस्ट २०२५ मध्यें रहिवाशांच्या हातीं पडल्या. अशी इमारत उतरवितां येत नाहीं, ती फोडावी लागते. आणि फोडलेलें काँक्रीट उपयोगांत आणावयाचें तर तें दळावें लागतें.

दळण्याची कृति कठीण नाहीं. गाडीचें वजन होतें, लाकूड, कापड, प्लॅस्टिक हातानें वेचतात, सळ्या आणि खिळे चुंबकानें ओढून घेतात. उरलेलें यंत्राच्या जबड्यांत घालून फोडतात, चाळणींवर निरनिराळ्या जाडीची खडी वेगळी काढतात आणि बारीक भाग पाण्यानें धुऊन त्याची वाळू करतात. तिच्यापासून पदपथाचे ठोकळे आणि रस्त्याकडेचे दगड तयार होतात. मुंबईच्या मलब्यासाठीं दहिसर येथें आणि शिळफाट्याजवळ डायघर येथें असे कारखाने झाले असून प्रत्येकाची शक्ति दिवसाला ६०० टनांची आहे.

या खडीची ताकद मात्र डोंगरांतल्या काळ्या दगडाइतकी नसते. तिच्या अंगाला जुनें सिमेंट चिकटून राहतें. तें सच्छिद्र असल्यामुळें पाणी अधिक पितें. म्हणून भारतीय मानक ब्यूरोनें २०१६ सालीं आय. एस. ३८३ या मानकांत तिला जागा दिली, ती बेतानेंच. काँक्रीट फोडून केलेली जाड खडी साध्या काँक्रीटांत शेंकडा २५ पर्यंत चालते, सळ्यांच्या काँक्रीटांत, तेंही मध्यम ताकदीपर्यंतच, शेंकडा २०, आणि पायाखालीं घालावयाच्या हलक्या काँक्रीटांत सर्वच्या सर्व. तेवढीही वापरली तर तितका दगड डोंगरांतच राहील. पारसिकच्या डोंगराला खाणींनीं पाडलेलीं खिंडारें ज्यांनीं पाहिलीं असतील, त्यांना याचें मोल निराळें सांगावयास नको.

परंतु मिसळ झाली कीं हें सारें बिघडतें. घरोघरीं छताला पी. ओ. पी.ची नक्षी असते. तिच्यांतील जिप्सम सिमेंटशीं संयोग पावून कालांतरानें फुगतें आणि काँक्रीटला तडे पाडतें. एक छत गाडीभर चांगल्या काँक्रीटांत मिसळलें, तर त्या गाडीची किंमत भरावाच्या मातीएवढी होते. हें २०१६ च्या नियमांनीं ओळखलें होतें. दिवसाला २० टन किंवा एका कामावर महिन्याला ३०० टन मलबा काढणाऱ्यानें काँक्रीट, माती, विटा-गिलावा आणि लोखंड-लाकूड-प्लॅस्टिक असे चार भाग जागींच वेगळे ठेवावे, असें त्यांत होतें. पुढें २०२५ सालीं नवे नियम निघाले व त्यांच्या अंमलाचा दिवस १ एप्रिल २०२६ हा ठरला. त्यांचा मुख्य भार २०,००० चौरस मीटर वा त्याहून मोठ्या बांधकामांवर आहे.

मोठ्यांना नियमांत बांधलें तें योग्यच झालें. पण शहरांतला बराच मलबा तुमच्या-आमच्या स्वयंपाकघरांतून निघतो. ओटा बदलला, न्हाणीघराच्या फरश्या काढल्या, कीं पंधरा-वीस गोण्या जिन्याखालीं येतात. गवंडी म्हणतो, "साहेब, मी बघतों त्यांचं काय करायचं तें." आपण सुटकेचा श्वास टाकतों आणि कोठें जातात तें विचारीत नाहीं. कारखाना दूर, गाडीभाडें जड. तेव्हां रात्रीं त्या खाडीकांठच्या तिवरांत रित्या होतात. तिवरांचीं श्वासमुळें चिखलाच्या वर डोकें काढून हवा घेतात. तीं गाडलीं गेलीं कीं झाड उभ्यानें मरतें आणि भरतीच्या पाण्याची वाट बुजते. मग पावसाळ्यांत तेंच पाणी आपल्या रस्त्यांवर साचतें.

हें टाळावयाचें तर गोण्या भरण्याच्या वेळींच लक्ष घातलें पाहिजे. महापालिका घरचा मलबा नेण्याची सोय ठेवते, तिला ‘डेब्रिज ऑन कॉल’ म्हणतात. काम ठरवितांनाच गवंड्याशीं तिचें बोलून घ्यावें. विटा-फरश्यांच्या गोण्या एका बाजूस, पी. ओ. पी.च्या दुसऱ्या बाजूस ठेवाव्या आणि दुसऱ्यांवर खडूनें तसें लिहावें. गच्चीवर जुना ॲस्बेस्टॉसचा पत्रा असेल तर तो मात्र घरच्या माणसांनीं फोडूं नये. त्याची धूळ फुफ्फुसांत गेली कीं निघत नाहीं. तो अखंड उतरवून, ओला करून, निराळा बांधून द्यावा.