उणे साठ टक्के म्हणजे किती पाणी?

उन्हाळा तापला की सोलापुरात चहाच्या टपरीवरही ऐकू येतं, 'उजनी मायनसमध्ये गेली.' 2024 च्या उन्हाळ्यात धरण उणे 60 टक्क्यांच्या आसपास गेलं होतं. परगावचा पाहुणा हे ऐकून चक्रावतो. शून्याच्या खाली पाणी असतं तरी कसं?

उजनीत सुमारे 117 टीएमसी पाणी मावतं. त्यातलं साधारण 63 टीएमसी मृतसाठ्यात धरतात आणि टक्केवारी काढतात ती वरच्या साडेत्रेपन्न टीएमसीची. म्हणजे उणे 60 झालं तरी धरणात कागदोपत्री 31 टीएमसीच्या वर पाणी उरतं. (त्यात गाळ किती, हा वेगळा वाद.) मथळ्यात एवढं सगळं मावत नाही. ऑनलाइन बातमीत मात्र मावतं. धरणाचं उभं चित्र काढायचं, मृतसाठ्याची रेघ ओढायची आणि वाचकाने बोट सरकवलं की तारखेनुसार पाणी वर-खाली व्हायचं. पुढे टक्के समजावत बसायची गरजच नाही.

जलाशय किती आटला हेही दाखवता येतं. युरोपच्या सेंटिनेल-2 उपग्रहांची छायाचित्रं फुकट मिळतात आणि एकाच जागेचं चित्र साधारण पाच दिवसांनी पुन्हा टिपलं जातं. ऑक्टोबरचं आणि मेचं चित्र एकावर एक ठेवून मधली पट्टी सरकवली की काठ आत सरकत गेलेला दिसतो. जलाशयात बुडालेलं पळसदेवचं जुनं मंदिर उघडं पडल्याच्या फोटोपेक्षा हे जास्त सांगतं, असं माझं मत.

पण नकाशाची हौस आवरायला हवी. सोलापूर जिल्ह्याचे अकरा तालुके अकरा रंगांत रंगवले म्हणजे बातमी होत नाही. 1854 मध्ये लंडनमध्ये डॉ. जॉन स्नो यांनी पटकीचे मृत्यू नकाशावर घरोघर मांडले, तेव्हा ते ब्रॉड स्ट्रीटच्या एका पंपाभोवती दाटलेले दिसले. तिथे प्रश्नच 'कुठे' हा होता. उजनीचा प्रश्न 'किती' हा आहे, म्हणून तिथे आलेखच बरा.

सोलापूर शहरात 'कुठे' हा प्रश्न नळाचा आहे. साखर पेठेत पाणी कधी आलं, विडी घरकुलला कितव्या दिवशी, जुळे सोलापुरात किती वाजता? हे पेठवार, तारीखवार नकाशावर रोज मांडायला एक वार्ताहर आणि एक फोन पुरे. संपादकहो, येत्या उन्हाळ्यात एवढं कराच.