तेझुकांचा बुद्ध आणि भंडाऱ्याचा वाचक

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातलं नाकाडोंगरी मध्य प्रदेशच्या सीमेलगत आहे. शेजारी डोंगरी बुजुर्गची मँगनीजची खाण. अशा गावांत जपानी चित्रं पोहोचली ती टीव्हीवरून, हिंदी बोलणाऱ्या डोरेमॉन आणि शिनचॅनच्या रूपात. छापील ‘मांगा’, म्हणजे जपानी चित्रकथा, मात्र शहरातल्या इंग्रजी वाचकापाशीच थांबला. याची मला खंत वाटते, कारण एका मांगाचा खरा जाणकार वाचक याच जिल्ह्यात आहे.

तो मांगा म्हणजे ओसामु तेझुकांचा ‘बुद्ध’. १९७२ ते १९८३ अशी तब्बल अकरा वर्षं तो क्रमशः प्रसिद्ध होत राहिला. २००३ पासून तो इंग्रजीत आठ खंडांत आला, त्याला चित्रकथांसाठीचा अमेरिकेतला आयझनर पुरस्कार मिळाला, भारतीय आवृत्तीही निघाली. कथा बुद्धाची, पण पहिल्या खंडाचा बराच भाग सरेपर्यंत सिद्धार्थ जन्मलेलाच नसतो. तिथे भेटतो चाप्रा, शूद्र गुलाम पोरगा. सेनापतीचा जीव वाचवून तो त्याचा दत्तक मुलगा होतो, जात लपवतो, आणि ती उघडी पडते तेव्हा त्याचं शौर्य कुणी मोजत नाही. त्याच्या जोडीला तत्ता, चाप्राहूनही खालचा मानलेला, वर्णाबाहेरचा. राजवाडा मागे ठेवून तेझुका आधी या दोघांकडे जातात, हे मला त्यांचं सर्वांत मोठं धाडस वाटतं.

भंडाऱ्यात हे परक्या देशातलं दुःख म्हणून कोण वाचेल? १९५४ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत बाबासाहेब इथूनच उभे राहिले आणि हरले. दोन वर्षांनी शेजारच्या नागपुरात धम्मदीक्षा झाली. बाबासाहेबांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ घरात ठेवणारा इथला वाचक तेझुकांना भिडेल तो हुज्जत घालतच. तेझुका सिद्धार्थाचं मन म्हातारपण, आजार आणि मृत्यू यांच्या प्रश्नांनी ढवळतात. बाबासाहेबांनी चार दृश्यांची पारंपरिक कथाच नाकारली: एकोणतीस वर्षांच्या माणसाला तोवर म्हातारा, आजारी किंवा प्रेत दिसलंच नसेल, हे त्यांना पटेना. त्यांच्या ग्रंथात गृहत्यागाचं कारण आहे रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात पेटलेला वाद आणि सिद्धार्थाचा युद्धाला विरोध. इथल्या बावनथडी नदीच्या काठच्या शेतकऱ्याला पाण्याचं भांडण समजावून सांगावं लागणार नाही. तत्ता प्राण्यांच्या अंगात शिरतो, तेही चमत्कार नाकारणाऱ्या या परंपरेत सहज खपणार नाही. चाप्राला जवळ करायचं आणि चमत्कार दूर ठेवायचे, अशी ही निवड असेल. मला ती रसिकतेची खूण वाटते.

जपानलाही जन्मावरून माणूस तोलणं ठाऊक आहे. हिराता हिरोशी यांचा १९६२ चा ‘चिदारुमा केनपो’ हा तलवारबाजीचा मांगा तिथल्या बहिष्कृत बुराकू समाजाशी जोडलेला. त्याच समाजाच्या संघटनेने आक्षेप घेतल्यावर तो मागे घेतला गेला. २००४ मध्ये चित्रकार युकिची यामामात्सु दिल्लीला आले, हाच मांगा हिंदीत करून घेतला आणि रस्त्यावर उभं राहून विकू लागले. फारसा खपला नाही. पुढे त्यांनी या खटाटोपावरच मांगा काढला. रस्त्यावरच्या गर्दीला त्या कथेतली अस्पृश्यता कुणी सांगितली असती, तर काही जण थांबले असते असं मला वाटतं.

म्हणून तेझुकांचा ‘बुद्ध’ मराठीत, परवडणाऱ्या किमतीत यावा आणि त्याचं पहिलं जाहीर वाचन पुण्या-मुंबईऐवजी तुमसर-पवनीच्या पट्ट्यात व्हावं. अनुवादकाने तत्ताच्या तोंडी इथली झाडीबोली घालून पाहावी.